वैद्यक महाविद्यालयाचा उंबरठा

अमेरिकेंत डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्या तरुणाला दोन उंबरठे ओलांडावे लागतात. शालेय शिक्षण संपल्यावर तो प्रथम सामान्य महाविद्यालयांत जातो, तेथें बहुधा चार वर्षें अध्ययन करतो आणि पदवी हातीं येण्याच्या आधींच वैद्यक महाविद्यालयांकडे अर्ज धाडूं लागतो. अर्जाबरोबर रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान या विषयांतील गुण, एका देशव्यापी परीक्षेचा निकाल, अध्यापकांचीं शिफारसपत्रें आणि आपणांस वैद्य कां व्हावयाचें आहे हें सांगणारा स्वतःच रचलेला मजकूर असतो. बारावीनंतर एका प्रवेशपरीक्षेच्या बळावर थेट वैद्यकाच्या अभ्यासास लागणाऱ्या भारतांतील विद्यार्थ्यास हा खटाटोप फार लांबलचक वाटतो. परंतु ही रीत फार जुनी नाहीं. तिच्या मागें सुमारें पावणेदोनशें वर्षांचा एक झगडा आहे, आणि त्या झगड्यांत कल्याणच्या एका ब्राह्मण कुटुंबांतील मुलीच्या पत्रालाही स्थान आहे.

कोणत्याही विद्यालयाच्या दाराशीं उभ्या राहिलेल्या मनुष्यास दोन प्रश्न विचारतां येतात. एक, तुला काय येतें? दुसरा, तूं कोण आहेस? पहिला प्रश्न विद्येचा, दुसरा कुळाचा, वर्णाचा, लिंगाचा आणि थैलीचा. अमेरिकन वैद्यक महाविद्यालयांच्या प्रवेशाचा सारा इतिहास म्हणजे या दोन प्रश्नांच्या अदलाबदलीची कथा होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या देशांतील बहुसंख्य वैद्यकशाळा पहिला प्रश्न विचारीतच नसत. चारदोन डॉक्टरांनीं एकत्र यावें, एखादें घर भाड्यानें घ्यावें, व्याख्यानांचीं तिकिटें विकावींत आणि जमलेली फी आपसांत वाटून घ्यावी, असा तो व्यवहार होता. वर्षाकाठीं चारपांच महिन्यांचें एक सत्र होई, आणि दुसऱ्या सत्रांत बहुधा पहिल्या सत्रांतील व्याख्यानेंच पुन्हा ऐकावयाचीं असत. दोन सत्रांचीं तिकिटें घेतलीं, एखाद्या व्यवसायी डॉक्टराजवळ कांहीं काळ उमेदवारी केली आणि तोंडीं परीक्षा दिली, कीं पदवी मिळे. विद्यार्थ्यांच्या फीवरच प्राध्यापकांचें पोट चालत असल्यामुळें कोणासही परत पाठविणें म्हणजे आपल्याच ताटांतील घास काढून देणें होतें. इतरांची ही गत. हार्वर्डसारख्या नामांकित विद्यापीठाची तरी कोठें निराळी होती? १८६९ सालीं चार्ल्स एलियट तेथें अध्यक्ष झाले आणि वैद्यकाच्या परीक्षा लेखी घ्याव्यात असें त्यांनीं सुचविलें, तेव्हां शस्त्रक्रियेचे एक वजनदार प्राध्यापक विरोधास उभे राहिले. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना धड लिहितां येत नाहीं, मग लेखी परीक्षा घ्यावी कशी, असा त्यांचा सवाल होता. एलियट डगमगले नाहींत. १८७१ पासून तीन वर्षांचा क्रमवार अभ्यास सुरू झाला. विद्यार्थ्यांची संख्या तात्पुरती घटली, पण शाळा सुधारली.

ज्या दारावर अक्षरज्ञानाचीही फारशी चौकशी होत नसे, तें दार स्त्रियांना मात्र घट्ट बंद होतें. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथें १८२१ सालीं जन्मलेली आणि बालपणींच अमेरिकेस गेलेली एलिझाबेथ ब्लॅकवेल शिक्षिकेचें काम करून पैसे सांठवीत होती आणि ओळखीच्या डॉक्टरांच्या ग्रंथसंग्रहांत बसून वैद्यक वाचीत होती. तिनें फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि इतर अनेक ठिकाणच्या शाळांकडे अर्ज केले आणि एकामागून एक नकार ऐकले. पुरुषवेष घेऊन पॅरिसला जावें, असाही सल्ला तिला एका हितचिंतकानें दिला. तिनें तो मानला नाहीं. अखेर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागांतील जिनीव्हा येथील लहानशा वैद्यक महाविद्यालयांत तिचा अर्ज पोंचला. प्राध्यापकांना नकार द्यावयाचा होता, पण त्याचें अपश्रेय नको होतें. त्यांनीं तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढें ठेवला आणि एकाचाही विरोध असल्यास प्रवेश मिळणार नाहीं असें ठरविलें. ही कोणी तरी केलेली थट्टा असावी असें समजून विद्यार्थ्यांनीं हंशा पिकवीत एकमतानें होकार दिला. १८४७ च्या ऑक्टोबरांत ब्लॅकवेलला प्रवेश मिळाला, आणि २३ जानेवारी १८४९ रोजीं वर्गांत पहिली येऊन तिनें पदवी घेतली. परंतु थट्टेनें उघडलेलें दार फार काळ उघडें राहत नाहीं. पुढें तिची धाकटी बहीण एमिली हिनें त्याच महाविद्यालयाकडे अर्ज केला, तेव्हां तिला नकार मिळाला. तिला पदवीसाठीं क्लीव्हलंड गांठावें लागलें.

तेव्हां स्त्रियांसाठीं स्वतंत्र दारच बांधलें पाहिजे, हें कांहीं सुज्ञांच्या ध्यानांत आलें. १८५० सालीं फिलाडेल्फियांत स्त्रियांचें वैद्यक महाविद्यालय निघालें. १८६७ पासून तें पेन्सिल्व्हेनियाचें वुमन्स मेडिकल कॉलेज या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. याच संस्थेच्या कार्यकारी समितीचे प्रमुख अल्फ्रेड जोन्स यांच्या हातीं १८८३ च्या उन्हाळ्यांत एक पत्र पडलें. न्यू जर्सी राज्यांतील रोझेल या गांवाहून २८ जून रोजीं लिहिलेल्या त्या पत्राखालीं आनंदीबाई जोशी अशी सही होती.

आनंदीबाईंची जीवनकथा मराठी श्रोत्यांना अपरिचित नाहीं. ३१ मार्च १८६५ रोजीं त्यांचा जन्म झाला आणि माहेरचें नांव यमुना ठेवण्यांत आलें. वयाच्या नवव्या वर्षीं टपाल खात्यांतील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह झाला. तेराचौदाव्या वर्षीं झालेलें मूल अवघें दहा दिवस जगलें, आणि योग्य उपचाराच्या अभावीं गेलेल्या त्या अर्भकानें आईच्या मनांत वैद्यकाचा संकल्प पेरला. १८८० सालीं गोपाळरावांनीं पत्नीच्या शिक्षणाविषयीं एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तेथील मासिकांत छापलें गेलें. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या थिओडिशिया कार्पेंटर या रोझेलच्या गृहिणीनें तें वाचलें, आणि त्यांतून दोन घरांचा पत्रव्यवहार सुरू झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं सेरामपूरच्या महाविद्यालयांत आनंदीबाईंनीं आपल्या परदेशगमनाचीं कारणें जाहीर सभेंत सांगितलीं. ७ एप्रिलला त्या पतीवांचून कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरल्या. त्यानंतर चोवीसच दिवसांनीं हा अर्ज लिहिला गेला.

तो अर्ज कशा प्रकारचा होता हें नीट पाहण्यासारखें आहे. अर्जदाराजवळ ना पदवी, ना शालान्त परीक्षेचा दाखला. शिक्षण बहुतेक घरीं, पतीच्या धाकांत. मध्यंतरीं थोडें मिशनच्या शाळेंत. आनंदीबाईंनीं आपलें वय अठरा असल्याचें सांगितलें, अंकगणितांतील आपली मजल सांगितली आणि आपणांस येत असलेल्या सात भाषा मोजून दाखविल्या: मराठी, संस्कृत, बंगाली, गुजराती, हिंदुस्थानी, कानडी आणि इंग्रजी. यांपैकीं कांहीं भाषा पतीच्या बदल्यांबरोबर आलेल्या होत्या. भूज, कलकत्ता, सेरामपूर असा प्रवास टपाल खात्यानें घडविला आणि त्यानेंच नकळत हें भाषाधन पदरांत टाकलें. आपली प्रकृति चांगली आहे, असेंही त्यांनीं लिहिलें. पुढें काय घडलें हें ठाऊक असलेल्या वाचकाच्या काळजास या एका वाक्यानें चरका बसतो.

मात्र त्या पत्राचा कणा वेगळाच आहे. महाविद्यालयाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होतीलच असें नाहीं, हें आनंदीबाईंनीं आडपडदा न ठेवतां मान्य केलें. आपली गोष्ट अपवादात्मक असल्यामुळें ती अपवाद म्हणून पाहिली जावी, एवढीच विनंति केली. आप्तांचा आणि जातीचा एकजुटीचा विरोध मोडून जो निश्चय आपणांस या देशांत घेऊन आला, तोच आपल्या हेतूच्या सिद्धीस पुष्कळसा कामीं येईल, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि हेतु कोणता? पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत देणें. येथें ‘मला काय येतें’ या प्रश्नाचें उत्तर तोकडें होतें, पण ‘मी कां आलें’ या प्रश्नाचें उत्तर पुरें होतें. पहिल्या दोन प्रश्नांच्या जोडीस हा तिसरा प्रश्न त्या पत्रानें आणून ठेवला.

समितीनें नियम आणि व्यक्ति यांचें माप एकत्र घेतलें. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. शिवाय शिष्यवृत्तीही मिळाली. डीन रेचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांनीं या विद्यार्थिनीची मायेनें काळजी घेतली. तेथें हिंदुस्थानचीच नव्हे, तर जपानची केइ ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबूली याही विद्यार्थिनी होत्या. १८८५ सालीं तिघींचें आपापल्या देशाच्या वेषांत एकत्र काढलेलें छायाचित्र प्रसिद्ध आहे. थंडी, परका आहार आणि खालावत जाणारी प्रकृति यांच्याशीं झुंजत आनंदीबाईंनीं आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजीं एम.डी. ही पदवी घेतली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांत स्त्रीविभागाच्या मुख्य वैद्य म्हणून नेमणूकही झाली. पण त्या जागेवर रुजू होण्याइतकें आयुष्य उरलें नव्हतें. क्षयानें ग्रासलेल्या आनंदीबाईंनीं २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास देह ठेवला. वयाला बाविसावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें. ज्या भगिनींसाठीं हा सारा खटाटोप, त्यांच्यापैकीं एकीचीही नाडी त्या नेमणुकीच्या जागीं त्यांना पाहतां आली नाहीं. पण दार उघडतें हें सिद्ध झालें होतें.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर सहाच वर्षांनीं अमेरिकेंत जें दार बांधलें गेलें, तें मात्र त्यांना कधींच उघडलें नसतें. त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें वैद्यक महाविद्यालय काढण्याचें ठरविलें होतें. इस्पितळ १८८९ सालीं सुरूही झालें. पण विद्यापीठाचा पैसा रेल्वेच्या शेअरांत अडकला होता आणि ते शेअर गडगडले. तेव्हां विश्वस्तांच्याच चार कन्या पुढें आल्या. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनें प्रवेश मिळावा, या अटीवर त्यांनीं १८९० सालीं निधि जमविला. तो अपुरा पडला, म्हणून त्यांपैकीं मेरी गॅरेट हिनें १८९२ च्या अखेरीस आपल्या पदरचे तीन लाखांहून अधिक डॉलर घातले. परंतु तिची आणखी एक अट होती. येणाऱ्या प्रत्येकाजवळ महाविद्यालयाची पदवी असावी, विज्ञानाचें पूर्वशिक्षण असावें, फ्रेंच आणि जर्मन यावें. प्राध्यापक वेल्च यांनीं असा उच्च आदर्श पूर्वीं कागदावर मांडला होता, पण तो इतक्या लौकर अंमलांत आणावा लागेल असें त्यांनाही वाटलें नव्हतें. त्यावर प्राध्यापक ऑस्लर यांनीं वेल्चना थट्टेनें म्हटलें, कीं आपण दोघे येथें प्राध्यापक म्हणून शिरलों हें आपलें भाग्य; विद्यार्थी म्हणून आपला निभाव लागला नसता. १८९३ सालीं पहिला वर्ग भरला, त्यांत अठरा विद्यार्थी होते आणि त्यांपैकीं तीन स्त्रिया.

पदवी घेऊन मग वैद्यकाकडे वळण्याच्या अमेरिकन रीतीचा पाया असा एका स्त्रीच्या हट्टानें पक्का झाला. ‘तूं कोण आहेस’ हा प्रश्न, निदान स्त्री-पुरुष भेदापुरता, तिनें पुसून टाकला आणि ‘तुला काय येतें’ हा प्रश्न कडक केला. यांत न्याय होता. अडाणी डॉक्टराच्या हातीं रोग्याचा जीव देणें ही कोणतीही दया नव्हे.

हा कित्ता साऱ्या देशास गिरवावयास लावणारा मनुष्य डॉक्टर नव्हता; तो शिक्षक होता. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीनें अब्राहम फ्लेक्सनर यांनीं अमेरिका आणि कॅनडा येथील १५५ वैद्यकशाळा पाहिल्या आणि १९१० सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येक ठिकाणीं प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे प्रवेशाची अट. मग अध्यापक, पैसा, प्रयोगशाळा आणि इस्पितळ. महाविद्यालयाचीं दोन किंवा अधिक वर्षें मागणाऱ्या शाळा त्यांना अवघ्या सोळा आढळल्या. बाकीच्यांपैकीं कित्येकींच्या अटी छापील पत्रकांत होत्या, व्यवहारांत नव्हत्या. शाळांचे चालक म्हणत, कीं अटी वाढविल्या तर गरीब मुलानें जावें कोठें? फ्लेक्सनर यांचें उत्तर कठोर होतें: समाजाच्या हिताचें असल्यावांचून या धंद्यांत शिरण्याचा हक्क गरिबालाही नाहीं आणि श्रीमंतालाही नाहीं.

तर्क बिनतोड होता. परिणाम मात्र दुहेरी झाला. १९०४ सालीं अमेरिकेंत १६० वैद्यकशाळा होत्या. १९२० च्या सुमारास ८५ उरल्या. भाड्याच्या घरांतील तिकिटांचे बाजार उठले, हें चांगलेंच झालें. पण त्यांबरोबर कृष्णवर्णीयांसाठीं असलेल्या सात शाळांपैकीं पांच १९२३ पर्यंत बंद पडल्या आणि वॉशिंग्टनची हॉवर्ड व नॅशव्हिलची मेहॅरी एवढ्या दोनच राहिल्या. इतर बहुतेक शाळांचीं दारें त्या समाजाला बंदच होतीं. स्त्रियांचीं महाविद्यालयें मिटत गेलीं; आनंदीबाईंचें महाविद्यालय तेवढें टिकलें. पदवीचीं चार वर्षें आणि वैद्यकाचीं चार वर्षें पोसण्याची ऐपत ज्या घरांत नव्हती, त्या घरांतील मुलगा आपोआप मागें राहिला. नियमांत कोणाचेंही नांव नव्हतें. तरी ‘तूं कोण आहेस’ हा प्रश्न मागच्या दारानें आंत आला होता.

पुढें तो पुढच्या दारानेंही आला. १९२० नंतर अर्जदार वाढले आणि जागा तेवढ्याच राहिल्या, तेव्हां अनेक महाविद्यालयें अर्जाबरोबर छायाचित्र मागूं लागलीं, धर्म विचारूं लागलीं, मुलाखती घेऊं लागलीं. आणि ज्यू विद्यार्थ्यांची संख्या ठराविक मर्यादेंत ठेवण्यासाठीं या माहितीचा उपयोग होऊं लागला. गुण उत्तम असूनही आडनांवामुळें नकार मिळाल्याचे प्रकार त्या काळीं सर्रास घडले. न्यूयॉर्क राज्यानें १९४८ सालीं शिक्षणांतील अशा भेदभावास कायद्यानें बंदी केली. याच सुमारास दुसरी एक घडामोड चालू होती. प्रवेश मिळालेल्यांपैकीं कांहीं शाळांत निम्मे विद्यार्थी गळत, म्हणून १९२८ सालीं एफ. ए. मॉस यांनीं वैद्यक विद्यार्थ्यांसाठीं एक बुद्धिपरीक्षा तयार केली. तिचेंच रूप बदलत जाऊन एमकॅट ही परीक्षा झाली. परीक्षेचा कागद अर्जदाराचा चेहरा पाहत नाहीं, हा तिचा मोठा गुण; त्याची वाटचालही पाहत नाहीं, हा तिचा दोष.

त्या वाटचालीचें मोल किती धरावें, हा वाद पुढें न्यायासनापुढें गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यक महाविद्यालयानें शंभरांपैकीं सोळा जागा अल्पसंख्य समाजांसाठीं राखल्या होत्या. दोनदां नाकारल्या गेलेल्या ॲलन बाकी या गोऱ्या अर्जदारानें फिर्याद केली. २८ जून १९७८ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निवाडा दिला, कीं ठराविक जागा राखणें अयोग्य, परंतु वंश ही अनेक गोष्टींपैकीं एक म्हणून विचारांत घेतां येईल. २०२३ सालीं त्याच न्यायालयानें ती सवलतही काढून घेतली. मात्र वंशामुळें आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हें अर्जदारानें स्वतः लिहिलें तर तें वाचण्यास आडकाठी ठेवली नाहीं. म्हणजे इतकीं वळणें घेऊन गोष्ट पुन्हा पत्रापाशीं आली. स्त्रियांपुरता निकाल मात्र स्वच्छ लागला. १९७२ च्या कायद्यानें शिक्षणांतील लिंगभेदास मनाई झाली, आणि २०१९ सालीं अमेरिकेच्या वैद्यक विद्यार्थ्यांत स्त्रियांची संख्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाली.

या इतिहासाचें तात्पर्य नियम मोडावेत असें नाहीं. ज्यांनीं नियम केले त्यांनीं असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले, आणि मेरी गॅरेटच्या अटी नसत्या तर तिकिटांचा बाजार कितीक वर्षें चालू राहिला असता. परंतु नियमाची परीक्षा तो कोणास आंत घेतो एवढ्यावरूनच होत नाहीं. तो कोणास बाहेर ठेवतो आणि कां, हेंही पाहावें लागतें. फिलाडेल्फियाच्या समितीपुढें १८८३ सालीं नियम होता आणि नियमांत न बसणारें एक पत्रही होतें. समितीनें नियम फाडला नाहीं, पण पत्र पुरतें वाचलें. तें पत्र त्याच शहरांत संस्थेच्या दप्तरांत जपून ठेवलेलें आहे. प्रवेशाच्या याद्या जोंवर माणसांच्या हातून तयार होतात, तोंवर अर्ज वाचणाऱ्याच्या अंगीं हें धैर्य आणि हा विवेक असणें, हीच त्या उंबरठ्याची खरी प्रतिष्ठा होय.